नाताळचे ताट

आजच्या भाषणाचा विषय वरकरणी लहान आहे. नाताळच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीच्या सुमारास, अंधेरी, मरोळ, बोरिवली किंवा घाटकोपर येथील एखाद्या ख्रिस्ती घरातून एक ताट निघते. ताटावर क्रोशाने विणलेला रुमाल असतो आणि रुमालाखाली नेवऱ्या, कुलकुल, पेरूच्या वड्या, काजूचे मार्झिपान, केकची एक-दोन कापे असे घरी केलेले जिन्नस मांडलेले असतात. घरातले एखादे मूल ते ताट दोन्ही हातांनी जपून धरून शेजाऱ्याकडे पोहोचते करते. शेजारी ख्रिस्ती असेल, हिंदू असेल, पारशी किंवा मुसलमानही असेल. लढाया आणि तह ह्यांनी भरलेल्या आपल्या इतिहासग्रंथांत ह्या ताटाला जागा मिळालेली नाही. तथापि ज्या किनाऱ्यावर एके काळी पावाच्या एका तुकड्याने माणूस आपल्या जातीला मुकत असे, त्याच किनाऱ्यावर ख्रिस्ती घरचे खाद्यपदार्थ हिंदू घराच्या उंबरठ्यावरून आत कसे गेले, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारण्याजोगा आहे खास.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'नाताळ' हा शब्द आपण इतक्या सहजतेने उच्चारतो की तो परका आहे ह्याची आठवणही राहत नाही. पोर्तुगीज भाषेतील 'नाताल' म्हणजे जन्म, आणि सणाच्या संदर्भात येशूचा जन्म. पाव, काजू, अननस, बटाटा हे शब्दही त्याच जहाजांतून उतरले. ज्या पदार्थांना घरात नाव नव्हते त्यांना आपण परक्याचेच नाव दिले, आणि नावाला घेतल्यावर पदार्थाला फार काळ बाहेर ठेवता आले नाही. पण ह्यास बराच काळ जावा लागला.

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड ही चारही ठिकाणे साष्टी बेटावरची. गुजरातचा सुलतान बहादूरशहा ह्याने २३ डिसेंबर १५३४ रोजी पोर्तुगीजांशी तह करून वसई, साष्टी व मुंबईची बेटे त्यांच्या हवाली केली. तारीख नाताळच्या दोन दिवस आधीची, हा निव्वळ योगायोग. पुढे १६६१ च्या विवाहाच्या तहाने मुंबई इंग्रजांच्या वाट्याला गेली. साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली, आणि दोन शतके तेथे मिशनऱ्यांचे कार्य चालले. बोरिवलीजवळ मंडपेश्वरच्या लेण्यांत फ्रान्सिस्कन साधूंनी आपले देवालय थाटले, तर कोंडिविटे येथे जेसुइटांनी १५७९ मध्ये सेंट जॉन बाप्टिस्टचे देऊळ बांधले. जे ख्रिस्ती झाले ते येथलेच कुणबी, कोळी, भंडारी, कारागीर होते. भाषा मराठीच राहिली. बायकांचे लुगडे राहिले. चूल आणि पाटा-वरवंटाही राहिला, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने हे सर्वांत महत्त्वाचे.

१७३९ मध्ये चिमाजी आप्पाने वसई घेतली, आणि साष्टीवरील पोर्तुगीज सत्ता संपली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतले, व १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांची झाली. मधली पस्तीस वर्षे मराठी अमलाची. वसईच्या तहात ख्रिस्ती लोकांची काही देवळे राखण्याची तरतूद होती. १७६० च्या सुमारास ह्या भागातून प्रवास केलेला फ्रेंच विद्वान आंकेतिल द्यू पेरॉन येथील ख्रिस्ती लोक आपले सण उघडपणे पाळीत असल्याचे नमूद करतो. युरोपीय पाद्री निघून गेले होते, देवळे देशी पाद्र्यांच्या हाती आली होती. माझ्या मते ही पस्तीस वर्षे साष्टीच्या ख्रिस्ती स्वयंपाकघराच्या इतिहासात फार मोलाची आहेत. परक्या मालकाची नजर नाही, आणि आजूबाजूला सगळा हिंदू शेजार: अशा स्थितीत जे पदार्थ टिकले ते हुकमाने टिकले नाहीत, आवडीने टिकले.

ह्याच लोकांनी पुढे स्वतःस 'ईस्ट इंडियन' म्हणवून घेतले. रेल्वे, गोद्या आणि सरकारी कचेऱ्या ह्यांत नोकऱ्यांसाठी गोव्याहून अनेक ख्रिस्ती लोक मुंबईस येऊ लागले. दोघांचीही नावे पोर्तुगीज, धर्म एक. तेव्हा आपण ह्या बेटांचे मूळ रहिवासी आहोत हे दाखविण्यासाठी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, बाँबे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली आणि हे नाव रूढ झाले. लोकमान्य टिळकांचे सहकारी व १९२५ साली मुंबईचे महापौर झालेले काका जोसेफ बॅप्टिस्टा ह्याच समाजातले. आता उपनगरातील नाताळच्या ताटात ईस्ट इंडियन, गोवेकर आणि मंगळूरकर अशा तिन्ही घरांचे पदार्थ एकत्र सापडतात, आणि कोणता कोणाचा ह्यावर त्यांच्यातच गोड वाद चालतो.

आता पावाकडे वळू. कोकणपट्टीत आणि गोव्यात एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाई, ती अशी की, मिशनऱ्यांनी गावच्या विहिरीत पाव टाकला, न कळत लोक ते पाणी प्यायले, आणि सारा गाव बाटला. असे खरोखर किती ठिकाणी घडले हा भाग सोडून देऊ. समजूत खरी होती, आणि तिने माणसे कायमची वेगळी काढली. पाव हा परधर्मीयाच्या हातचा, पाण्यात भिजवलेल्या पिठाचा आणि त्यातून ताडीने आंबवलेला! सोवळ्याच्या नियमांना एकाच पदार्थाने इतक्या बाजूंनी छेद दिल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. म्हणूनच १८४९ च्या सुमारास मुंबईत दादोबा पांडुरंग आदी सुधारकांनी परमहंस सभा ही गुप्त मंडळी काढली, तेव्हा सभासद होणाराने जातिभेद सोडल्याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावयाचा असे. हे खाणे बंद दाराआड चाले. १८६० मध्ये सभासदांची नावे बाहेर फुटण्याची धास्ती पडताच सभा मोडली. पुढे तीस वर्षांनी, १८९० च्या ऑक्टोबरात, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे, गोखले आदी प्रतिष्ठित मंडळींसमोर चहा आणि बिस्किटे ठेवली गेली. कोणी घेतली, कोणी नुसता पेल्याला हात लावला. नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, रानड्यांसारख्यांनी प्रायश्चित्त घेतले. एका बिस्किटापायी पुणे शहर दोन वर्षे भांडत होते.

ह्या पार्श्वभूमीवर साष्टीच्या खेड्यांतले ताट पाहिले म्हणजे ते किती सावधपणे रचलेले आहे हे ध्यानात येते. त्यात पाव नाही. मुख्य पदार्थ तळलेले किंवा साखरेच्या पाकात आटवलेले. आपल्याकडील जुन्या आचारात पाण्यात शिजलेले अन्न ते खरकटे, आणि दुधात भिजवून तुपात तळलेले ते त्या मानाने निर्वेध. दिवाळीचा फराळ परक्या घरी पाठविता येतो आणि भात पाठविता येत नाही, ह्याचे कारण हेच. नाताळचे ताटही फराळाच्याच जातीचे आहे. हे कोणी ठरवून केले असेल असे मी म्हणत नाही. ज्या स्त्रियांच्या आज्या-पणज्यांनी दिवाळीच्या करंज्या केल्या होत्या, त्यांचा हात धर्मांतरानंतरही त्याच पदार्थांवर बसलेला राहिला, एवढाच ह्याचा अर्थ असावा.

नेवरीचेच घ्या. ती आपली करंजीच होय. गोव्यातील हिंदू घरांतही तिला नेवरीच म्हणतात आणि चतुर्थीला ती करतात. आत ओले खोबरे, गूळ किंवा साखर, वेलची, मनुका. ह्या पदार्थावर पोर्तुगालचा काडीचा हक्क नाही. कुलकुलांची गोष्ट थोडी निराळी. मैदा किंवा रवा नारळाच्या दुधात मळतात, क्वचित अंडे घालतात, मग सुपारीएवढी गोळी तेल लावलेल्या काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या फणीवर दाबून पसरतात आणि गुंडाळत आणतात. नक्षीदार शंखासारखा आकार येतो. कोंकणी माणूस त्यास 'किडयो', म्हणजे किडे, म्हणतो. पदार्थ खाण्याआधी त्याची अशी थट्टा करण्याची हौस आपल्या लोकांत पुरातन आहे. तळून पाकात घोळवले की झाले. हे काम एकट्याचे नव्हे. घरातली सारी माणसे, शेजारच्या मुली, क्वचित पुरुषही जमिनीवर बसून रात्री उशिरापर्यंत कुलकुल वळतात. आपल्याकडे शेवया वळताना किंवा पापड लाटताना जसा बायकांचा मेळा भरतो, तसाच हा. ताट शेजारी जाण्याच्या आधी शेजार घरात आलेला असतो.

पेरूच्या वड्यांत मात्र समुद्रापलीकडचा इतिहास आहे. इंग्रजी बोलणारे त्यांना 'ग्वावा चीज' म्हणतात, आणि ऐकणारा त्यात पनीर शोधत राहतो! पोर्तुगालात 'मार्मेलु' नावाच्या तुरट फळाचा गर साखरेत आटवून 'मार्मेलाद' करीत. इंग्रजांचे मार्मालेड ह्याच शब्दावरून निघाले. ते फळ ह्या हवेत होईना. परंतु पोर्तुगीज जहाजांनीच अमेरिकेहून आणलेला पेरू येथे उदंड झाला, आणि जुनी कृती नव्या फळाला लावली गेली. थंडी पडू लागली की पेरू येतात. ते उकडून, चाळणीतून गर काढून, साखर आणि लिंबाचा रस घालून, गोळा कढईच्या कडा सोडीपर्यंत ढवळत राहावे लागते. गर रटरटू लागला की त्याचे तापलेले थेंब हातावर उडतात, म्हणून जाणत्या बायका लांब दांड्याचा कालथा घेतात आणि हाताला फडके गुंडाळतात.

मार्झिपानचेही तसेच. स्पेन-पोर्तुगालच्या लोकांनी ते बदामाचे केले. आपल्याकडे बदाम महाग, काजू दारात. काजूचे झाडही मूळ ब्राझीलचे, पोर्तुगीजांनी आणलेले आणि कोकणच्या कातळावर रुजलेले. तेव्हा ह्या एका वडीत कृती युरोपची, झाड अमेरिकेचे, माती आपली असा त्रिवेणी संगम झालेला आहे. दोदोल हा काळसर, चिकट, तांदळाच्या पिठाचा, नारळाच्या दुधाचा व गुळाचा पदार्थ. जावा-मलायात ह्याच नावाचा, जवळजवळ ह्याच कृतीचा पदार्थ अजून होतो. मलाक्का १५११ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले, आणि गोवा व मलाक्का ह्यांच्यामध्ये त्यांची जहाजे ये-जा करीत राहिली. दोदोल बहुधा त्याच वाटेने इकडे आला. ईस्ट इंडियन घरांत रवा, नारळ आणि अंडी ह्यांची 'थाळी' भाजतात, आणि दूध आटवून, काजूची पूड घालून, साच्यात दाबून 'मिल्क क्रीम' करतात. ते नाव काढून टाकले तर खाणारा त्यास पेढाच म्हणेल.

गोव्याकडे ह्या ताटाला आणि त्यातील पदार्थांना 'कोंसोआद' म्हणतात, मंगळूरकडे 'कुस्वार'. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ उपासाच्या दिवशी रात्री घ्यावयाचा हलका आहार. पुढे नाताळच्या आदल्या रात्रीचे भोजन असा अर्थ झाला, आणि नाताळची भेट असाही. पोर्तुगालात आजही हा शब्द उच्चारताच कुटुंबाचे जेवणाचे मेज डोळ्यांपुढे उभे राहते. आपल्या किनाऱ्यावर मेज मागे पडले आणि केवळ पाठवणी उरली. असे का व्हावे? मला वाटते, ह्याचे उत्तर पोर्तुगालात शोधण्याचे कारण नाही. येथे वाण देण्याची, फराळाचे ताट फिरविण्याची, आणि आलेले भांडे रिकामे परत न करण्याची रीत आधीपासून होती. परका शब्द आला तो ह्या रीतीच्या साच्यात ओतला गेला.

ही रीत किती खोल होती ह्याची साक्ष तिच्या शत्रूंनीच दिली आहे. १७३६ च्या एप्रिल महिन्यात गोव्याच्या इन्क्विझिशनने एक लांबलचक जाहीरनामा काढून नवख्रिस्ती लोकांच्या अनेक चालींवर बंदी घातली. प्रा. अनंत काकबा प्रियोळकर ह्यांच्या इन्क्विझिशनवरील ग्रंथामुळे, जो १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला, तो आपणांस परिचित आहे. तुळस लावू नये, भात अळणी शिजवून हिंदूंप्रमाणे मागाहून मीठ घालू नये, अशी बारीकसारीक कलमे त्यात आहेत. आणि त्यातच लग्नप्रसंगी वधूवरांच्या घरी पाने, सुपारी, फुले व तळलेले गोड पदार्थ पाठवू नयेत हेही आहे. तळणीतल्या पदार्थांवर धर्मपीठाने हुकूम काढावा ह्याचे हसू येते खरे. परंतु एका अर्थी त्या न्यायाधीशांची दृष्टी अचूक होती. समाज कशाने बांधला जातो हे त्यांनी ओळखले होते. नाताळ हा तर चर्चचाच सण. त्या दिवशी ताट पाठविण्यास चर्चने हरकत कशी घ्यावी? लग्नातून हाकललेली रीत नाताळच्या आश्रयाने सुरक्षित राहिली असेल, असा माझा तर्क आहे. साष्टीत तर तो जाहीरनामा फार काळ चालूच शकला नाही, कारण पुढच्याच वर्षी मराठी फौजा ठाण्यात शिरल्या.

शेजारी हे ताट नेहमी मनापासून घेत, असे मात्र कोणी समजू नये. घेणे एक आणि खाणे दुसरे. अंड्याच्या शंकेने पुष्कळ घरांतून ताट ओसरीवरच थांबत असणार, आणि आतली वडी मुलांच्या किंवा गड्याच्या वाट्याला जात असणार. पण परत जाणाऱ्या ताटात नारळ, साखर किंवा घरचा काही जिन्नस पडे, आणि दिवाळीत उलट दिशेने फराळ येई. खाण्याची सक्ती नाही आणि नाकारण्याचा अपमान नाही, अशी ही गावची मध्यम वाट होती. परमहंस मंडळींना जे दार लावून करावे लागले आणि पुण्यात ज्यावरून ग्रामण्य झाले, ते येथे कोणतीही घोषणा न करता, एका रुमालाखाली, थोडेथोडे होत गेले. सुधारणेच्या इतिहासात ह्याची नोंद घ्यावयास हवी होती.

केक ह्या ताटात सर्वांत मागाहून आला. मनुका-बेदाण्यांचा, दारूत मुरलेल्या फळांचा काळसर केक हा इंग्रजी राज्याचा प्रसाद. पण घरोघरी भट्टी कोठली असावयाची? पातेल्याच्या खाली निखारे आणि झाकणावर निखारे, अशा युक्तीने केक भाजत. किंवा घोटलेले मिश्रण पत्र्याच्या साच्यात भरून, त्यावर नावाची चिठ्ठी लावून जवळच्या पावभट्टीत नेत. पाव भाजून झाल्यावर भट्टीत जी ऊब उरे तिच्यात गावाचे केक भाजले जात. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, मुंबईत रेशन सुरू झाले, आणि साखर मोजून मिळू लागली. १९५० मध्ये मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. त्यामुळे केकमधल्या रमचीच नव्हे, तर फुगिया आंबविण्याच्या ताडीचीही पंचाईत झाली. फुगिया म्हणजे ईस्ट इंडियन घरांतले तळलेले, गोल, फुगलेले पाव. ताडीच्या जागी बाजारचे यीस्ट आले. जुन्या जिभांना फरक कळे म्हणतात.

पण ताटाची वाट ह्याहून अधिक बदलली ती जमिनीमुळे. १८६७ मध्ये विरारहून मुंबईस लोकल गाडी सुरू झाली तेव्हा अंधेरी-बोरिवली ही भातशेतीची व वाड्यांची गावे होती. १९५० मध्ये बृहन्मुंबईची हद्द अंधेरी ओलांडून पुढे गेली, १९५७ मध्ये ती दहिसर व मुलुंडपर्यंत पोहोचली. विमानतळ, कारखाने, वसाहती ह्यांनी शेते घेतली. कोंडिविट्याचे गाव तर आधीच १८४० मध्ये साथीच्या रोगामुळे मरोळकडे सरकले होते. तेथील पडके देऊळ १९७३ साली स्थापन झालेल्या सीप्झच्या कुंपणाआड गेले, आणि मे महिन्यात वर्षातून एकदा तेथे उपासना होते. मरोळ, चकाला, आंबोली, वझिरा येथे गावठाणाच्या अरुंद गल्ल्या अजून आहेत, क्रूस आहेत, उतरत्या छपरांची काही घरे आहेत. पण बऱ्याच घरांच्या जागी इमारती झाल्या. ओसरी गेली. ताट आता लिफ्टने वर जाते. वळणाऱ्या हातांची संख्या घटली, म्हणून कित्येक बायका हे पदार्थ मागणीप्रमाणे करून विकतात, आणि ज्यांना सवड नाही ते विकत घेऊन ताट भरतात. ह्यात कमीपणा काही नाही. चकल्या-चिवडा विकत घेणाऱ्या आपण मंडळींनी तर तो मुळीच काढू नये.

मला अधिक विचार करण्यासारखी गोष्ट दुसरीच वाटते. घाटकोपर-मुलुंडकडे गुजराती व जैन शेजार दाट. पुष्कळ ख्रिस्ती गृहिणी आता दोन निरनिराळी ताटे करतात. एकात नेहमीचा केक, तर दुसऱ्यात बिनअंड्याचा केक, नेवऱ्या, पेरूच्या वड्या. दुसरे भाजताना साचाही वेगळा घेतात, आणि देताना तसे सांगतात. ज्या शहरात मांस खाणाऱ्या कुटुंबास काही इमारतींत घर मिळणे दुरापास्त होते, त्याच शहरात हे दुसरे ताट तयार होत असते. पहिले ताट रचणाऱ्या साष्टीच्या बायांनी जो विचार केला असेल, तोच हा. शेजाऱ्याच्या घरात काय चालते आणि काय चालत नाही, हे त्यांना पाठ असते. शेजाऱ्याला त्यांच्या घराविषयी तितके ठाऊक असते की नाही, हे परत येणाऱ्या ताटावरून कळते.